सूर्य 15 कोटी किलोमीटर लांब आहे, पण हे मोजलं कसं?

शाळेच्या पुस्तकात ग्रहांचा एक तक्ता असतो, बुध 5.8 कोटी किलोमीटर, शुक्र 10.8 कोटी, पृथ्वी 15 कोटी, मंगळ 22.8 कोटी, गुरू 77.8 कोटी आणि असं करत करत नेपच्यून 450 कोटी. आपण तो पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरून जातो. मलाही पाठ होता. पण त्या तक्त्यात दोन प्रश्न दडलेत हे मला फार उशिरा कळलं. एक म्हणजे टेप घेऊन सूर्यापर्यंत कोणी गेलेलं नाही, मग हा आकडा आला कुठून? आणि दुसरा म्हणजे ग्रह तर सतत फिरत असतो, मग हे अंतर नेमकं कधीचं?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, तो जरा सोपा आहे.

पृथ्वी सूर्यापासून कायम 15 कोटी किलोमीटरवर नसते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सगळ्यात जवळ येते, साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब जाते, साधारण 15 कोटी 21 लाख. जवळच्या जागेला उपसूर्य बिंदू म्हणतात, लांबच्या जागेला अपसूर्य. म्हणजे सहा महिन्यांत 50 लाख किलोमीटरचा फरक पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बऱ्याच लोकांना वाटतं की सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, पण उत्तर गोलार्धात ऐन थंडीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष 23.5 अंशांनी कललाय म्हणून, अंतरामुळे नाही.

आता कक्षेचा आकार, तो असतो लंबवर्तुळ. लंबवर्तुळ म्हटलं की डोळ्यासमोर अंड्यासारखी लांबुळकी आकृती येते, कारण पुस्तकात तशीच काढलेली असते. हे चित्र मनातून काढून टाकायचं असेल तर एक कागद आणि कंपास घ्या. 1 सेंटीमीटर म्हणजे 1 कोटी किलोमीटर असं धरा आणि 15 सेंटीमीटर त्रिज्येचं साधं वर्तुळ काढा. आता सूर्य मधोमध न ठेवता केंद्रापासून अडीच मिलिमीटर बाजूला ठेवा. झाली पृथ्वीची कक्षा. खरं लंबवर्तुळ आणि तुम्ही काढलेलं वर्तुळ यातला फरक त्या कागदावर मिलिमीटरचा पन्नासावा भाग येतो, पेन्सिलीची रेघ त्याच्यापेक्षा जाड असते. म्हणजे कक्षा लांबुळकी दिसतच नाही, खरी गंमत सूर्य मधोमध नसण्यात आहे.

मंगळाचं तसंच काढलं तर वर्तुळ 22.8 सेंटीमीटरचं आणि सूर्य केंद्रापासून 2.1 सेंटीमीटर बाजूला. इथे वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांच्यात साधारण 1 मिलिमीटरचा फरक पडतो. हा 1 मिलिमीटर लक्षात ठेवा, त्याच्यावरून खगोलशास्त्र बदललंय. डेन्मार्कच्या टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, नुसत्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं मंगळाच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. 1601 मध्ये तो गेला आणि त्या नोंदी त्याचा मदतनीस केप्लर याच्या हाती आल्या. केप्लरने मंगळाची कक्षा वर्तुळात बसवायचा जिवापाड प्रयत्न केला, जवळजवळ बसलीही, फक्त काही ठिकाणी 8 कलांचा फरक राहिला. एका अंशाच्या 60 कला होतात, 8 कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाच्या आसपास. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की चालतंय, मोजण्यात चूक झाली असेल. केप्लरला टायकोच्या मोजण्यावर विश्वास होता, म्हणून त्याने वर्तुळच सोडून दिलं, आणि 1609 मध्ये छापलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात आणि सूर्य त्याच्या एका नाभीत, म्हणजे मधोमध नसलेल्या एका ठराविक बिंदूत असतो. मला हा प्रसंग कितीदा वाचला तरी भारी वाटतो, दोन हजार वर्षं लोक वर्तुळाला धरून बसले होते आणि एका माणसाने 8 कलांसाठी ते सोडलं.

तर तक्त्यातला आकडा म्हणजे या लंबवर्तुळाच्या लांब अक्षाचा अर्धा भाग, म्हणजेच सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात लांबचं अंतर यांची बेरीज भागिले दोन. शुक्राच्या बाबतीत हा एक आकडा पुरतो कारण त्याची कक्षा जवळपास गोलच आहे. बुधाच्या बाबतीत मात्र अजिबात पुरत नाही. बुध 4.6 कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि 7 कोटीच्या थोडं अलीकडेपर्यंत लांब जातो, म्हणजे तिथे उभं राहून बघितलं तर कधी सूर्य आपल्याला दिसतो त्याच्या सव्वातीन पट मोठा दिसेल आणि कधी दुपटीपेक्षा जरासाच मोठा. अशा ग्रहाचं अंतर 5.8 कोटी एवढंच सांगून थांबणं मला अपुरं वाटतं.

आता पहिला प्रश्न, मोजलं कसं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही की माणसाला ग्रहांच्या अंतरांचं प्रमाण आधी कळलं आणि किलोमीटर नंतर, आणि मधे बराच काळ गेला. म्हणजे सूर्यमालेचा नकाशा हातात होता, अगदी चांगला होता, फक्त त्याच्या कोपऱ्यात स्केल लिहिलेली नव्हती.

प्रमाण कसं कळलं ते शुक्रावरून बघू. शुक्र आपल्याला कधीच मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही, तो संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला दिसतो, कारण तो सूर्यापासून 47 अंशांपलीकडे जातच नाही. आपण पृथ्वीवरून त्याच्या कक्षेकडे बाहेरून बघतोय ना, त्यामुळे असं होतं. तो जास्तीत जास्त लांब दिसतो तेव्हा आपली नजर त्याच्या कक्षेला नुसती घासून जात असते, म्हणजे स्पर्शिका, आणि स्पर्शिका त्रिज्येशी काटकोन करते हे आपण भूमितीत शिकलोय. मग कागदावर सूर्यापासून पृथ्वीपर्यंत 10 सेंटीमीटरची रेघ मारा, पृथ्वीपाशी 46 अंशांचा (47 ही वरची मर्यादा, सरासरी 46 धरू) कोन करून दुसरी रेघ काढा आणि सूर्यापासून त्या रेघेवर लंब टाका. तो लंब पट्टीने मोजला की 7.2 सेंटीमीटर भरतो. म्हणजे पृथ्वी जिथे 10 वर, तिथे शुक्र 7.2 वर. दुर्बीण लागली नाही, यान लागलं नाही, शाळेतली कंपासपेटी पुरली. कोपर्निकसने 1543 मध्ये अशाच भूमितीने सगळ्या ग्रहांची प्रमाणं काढली होती, पृथ्वीबाहेरच्या ग्रहांसाठी हिशोब जरा किचकट आहे पण कल्पना तीच, आणि त्याची उत्तरं आजच्या आकड्यांच्या अगदी जवळची आहेत.

नंतर 1619 मध्ये केप्लरने आणखी सोपी वाट दिली. ग्रहाला एक फेरी मारायला किती वर्षं लागतात त्या संख्येचा वर्ग करा, आणि सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट आहे त्या संख्येचा घन करा, दोन्ही सारखे येतात. खरंच येतात का ते बघूया. गुरूला एका फेरीला 11.86 वर्षं लागतात, त्याचा वर्ग साधारण 140.7. आता अशी संख्या शोधायची जिचा घन 140.7 येईल, ती आहे 5.2. म्हणजे गुरू आपल्यापेक्षा 5.2 पट लांब. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, वर्ग 870, घनमूळ साडेनऊच्या जरा वर, शनी साडेनऊ पट लांब. गुरू-शनीच्या फेऱ्यांचा काळ तर लोकांना हजारो वर्षांपासून माहीत होता, म्हणजे अंतराचं उत्तर डोळ्यासमोर आकाशात फिरत होतं, फक्त हे नातं कोणाला दिसलं नव्हतं. पुढे न्यूटनने हे असं का होतं ते सांगितलं, लांब गेलं की सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, त्यामुळे लांबचा ग्रह हळू चालतो आणि त्याला रस्ताही मोठा असतो. बुध सेकंदाला 47 किलोमीटरने पळतो, आपण जवळजवळ 30 ने, आणि नेपच्यून साडेपाचच्याही खाली.

हे सगळं झालं, पण अजून एकही किलोमीटर आलेला नाही. सगळं पटीतच आहे. इथे चांगली बाजू अशी की सूर्यमालेतलं कुठलंही एक अंतर किलोमीटरमध्ये मिळालं की बाकी सगळी आपोआप मिळणार. आणि ते एक अंतर मिळवायलाच माणसाला सगळ्यात जास्त झगडावं लागलं.

प्राचीन ग्रीसमध्ये अॅरिस्टार्कसने अर्धा चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन वापरून हिशोब केला होता की सूर्य चंद्राच्या साधारण 19 पट लांब आहे. खरं उत्तर 390 च्या आसपास आहे. त्याची भूमिती पूर्ण बरोबर होती, पण कोन त्याने 87 अंश धरला आणि खरा कोन 90 पेक्षा फक्त 9 कलांनी कमी असतो, तो डोळ्यांनी मोजणं शक्यच नव्हतं.

खरी पद्धत आपल्या अंगठ्याची आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा, अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकलेला दिसतो. किती सरकला आणि दोन डोळ्यांमधलं अंतर किती एवढं माहीत असलं की अंगठा किती लांब आहे ते काढता येतं. याला पराशय म्हणतात. ग्रह फार लांब, म्हणून दोन डोळेही फार लांब लांब हवेत, म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसं. 1672 मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना कॅसिनी हा खगोलशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये थांबला आणि त्याचा सहकारी रिशेर दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, दोघांनी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मंगळ मोजला, आणि त्यातून सूर्याचं अंतर 14 कोटी किलोमीटरच्या आसपास निघालं. त्या काळाच्या मानाने फारच चांगलं उत्तर, पण मोजमाप इतकं नाजूक होतं की छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

मग 1716 मध्ये हॅलीने, धूमकेतूवाल्याच हॅलीने, सांगितलं की शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकताना दिसतो ना, त्या अधिक्रमणाचा उपयोग करा. पृथ्वीवर लांब लांबच्या जागांवरून बघितलं तर शुक्र सूर्यावरून थोड्या वेगळ्या रेघेत जाताना दिसेल, रेघ वेगळी म्हणजे लांबी वेगळी, लांबी वेगळी म्हणजे लागणारा वेळ वेगळा, आणि वेळ तर घड्याळाने नीट मोजता येतो. अडचण एवढीच की अधिक्रमण फार दुर्मीळ, आठ वर्षांच्या अंतराने दोन होतात आणि मग शंभराहून जास्त वर्षं काहीच नाही. पुढची जोडी 1761 आणि 1769 ची होती. हॅलीला पक्कं माहीत होतं की तोवर आपण नसणार, तो 1742 मध्ये गेला, तरी त्याने पुढच्या पिढीसाठी पद्धत लिहून ठेवली.

आणि लोक खरंच निघाले, जगभर, जहाजांतून, युद्ध चालू असताना. त्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ ल जांती 1760 मध्ये पाँडिचेरीला यायला निघाला. मधे इंग्रज-फ्रेंच युद्ध, जहाज मिळेना, मिळालं तेव्हा वाऱ्याने भरकटलं, आणि किनाऱ्याजवळ पोचल्यावर कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलीय. जहाज माघारी वळलं आणि 6 जून 1761 ला, ऐन अधिक्रमणाच्या दिवशी, तो भर समुद्रात. आकाश स्वच्छ, शुक्र समोर दिसतोय, पण डुलणाऱ्या डेकवरून अचूक वेळ आणि जागा टिपता येत नाही, त्यामुळे ते बघणं फुकट. माणसाने ठरवलं की आता घरी जायचंच नाही, आठ वर्षं थांबायचं. थांबला. पाँडिचेरी परत फ्रेंचांकडे आली होती, तिथे येऊन त्याने वेधशाळा उभी केली, सगळी तयारी केली, आणि 4 जून 1769 च्या सकाळी नेमक्या वेळेला ढग आले. अधिक्रमण संपल्यावर ऊन पडलं. 1771 मध्ये तो फ्रान्सला पोचला तेव्हा घरच्यांनी त्याला मेलेला समजून मालमत्तेची वाटणी चालवली होती. सूर्य किती लांब आहे या एका ओळीच्या उत्तरामागे अशी माणसं आहेत.

इतर ठिकाणची आकाशं मोकळी होती, कॅप्टन कुकच्या मोहिमेने ताहितीहून बघितलं, आणि सगळ्या नोंदी एकत्र करून 1771 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने 15.3 कोटी किलोमीटर असं उत्तर काढलं. आजच्या आकड्यापासून फक्त 2 टक्क्यांच्या आसपास लांब. याहून बारीक न येण्याचं कारण म्हणजे शुक्र सूर्याच्या कडेला टेकतो तेव्हा त्याचा ठिपका कडेला चिकटून थेंबासारखा ताणलेला दिसतो, त्यामुळे नक्की कुठल्या सेकंदाला तो सुटला हे शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचंही जुळायचं नाही. मी 6 जून 2012 चं अधिक्रमण सोलर फिल्टर लावून बघितलंय, शुक्राचा ठिपका सूर्याच्या बिंबाच्या रुंदीच्या जेमतेम बत्तिसाव्या भागाएवढा, काळाभोर आणि अगदी गोल, आणि तो एवढा हळू सरकतो की एकटक बघत राहिलं तर थांबलाय असंच वाटतं. एवढ्याशा ठिपक्यावर जुन्या घड्याळांनी सेकंद मोजले त्या लोकांनी. पुढचं अधिक्रमण डिसेंबर 2117 मध्ये आहे.

शेवटी प्रश्न सुटला तो रडारमुळे. 1961 मध्ये शुक्राकडे रेडिओ लहरी सोडल्या आणि त्यांचा प्रतिध्वनी पकडला. शुक्र जवळ असतो तेव्हा लहर जाऊन परत यायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात, प्रकाशाचा वेग माहीत आहे, गुणाकार करून निम्मं केलं की अंतर आलं. सूर्यावरच थेट रडार का नाही मारला असं कोणी विचारेल, तर सूर्य म्हणजे धगधगता वायू, त्याला लहर टप्पा खाऊन परत येईल असा टणक पृष्ठभागच नाही. शुक्राचं एक अंतर मिळालं की केप्लरच्या नकाशाला स्केल मिळाली आणि एका फटक्यात सगळे ग्रह किलोमीटरमध्ये आले. हे वेळेवर झालं ते बरंच, कारण पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचं मरिनर 2 यान शुक्रापासून साधारण 35 हजार किलोमीटरवरून गेलं, आणि 15 कोटीत लाखभर किलोमीटरची चूक चालेल असा विचार तिथे करताच येत नाही.

या पृथ्वी-सूर्य अंतराला खगोलीय एकक म्हणतात, आणि 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ते कायमचं ठरवून टाकलं, 14 कोटी 95 लाख 97 हजार 870 किलोमीटर आणि 700 मीटर, बरोब्बर. त्या हिशोबात बुध 0.39, शुक्र 0.72, मंगळ 1.52, गुरू 5.2, शनी 9.5, युरेनस 19.2, नेपच्यून 30. हे आकडे लक्षात ठेवणं कोटींपेक्षा कितीतरी सोपं आहे, मी तर मुलांना हेच शिकवावं म्हणेन.

कारण यातून लगेच बाकीच्या गोष्टी दिसायला लागतात. नेपच्यून 30 पट लांब, म्हणजे तिथे ऊन 30 गुणिले 30, नऊशेव्या भागाएवढं. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला 8 मिनिटं 19 सेकंद, नेपच्यूनपर्यंत चार तासांच्या वर. फक्त अंतरावरून तापमान ठरवायला जाऊ नका, शुक्र बुधाच्या जवळपास दुप्पट लांब असूनही जास्त गरम आहे, 460 अंशांच्या वर, कारण त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण आहे आणि बुधाकडे नावापुरतीही हवा नाही.

आणखी एक, चित्रात ग्रह एका रांगेत जवळ जवळ दाखवतात त्यामुळे रिकामी जागा किती आहे ते कळतच नाही. सूर्य 1 मीटरचा गोळा धरला तर बुध 42 मीटरवर, पृथ्वी म्हणजे 9 मिलिमीटरचा मणी, 107 मीटरवर. गुरू 10 सेंटीमीटरचा चेंडू, अर्ध्या किलोमीटरच्या पुढे. नेपच्यून 3 किलोमीटरच्याही पलीकडे. आणि मधे जवळजवळ काहीच नाही. त्याच मापाने सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा जवळजवळ 29 हजार किलोमीटरवर येईल.

शेजारी कोण हा प्रश्नही वाटतो तेवढा सरळ नाही. शुक्राची कक्षा आपल्या कक्षेला सगळ्यात जवळची आहे हे बरोबर, पण शुक्र अर्धा वेळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असतो आणि तेव्हा तो जवळजवळ 26 कोटी किलोमीटरपर्यंत लांब जातो. बुध सूर्याला चिकटून असल्यामुळे तो कधीच एवढा लांब जात नाही, म्हणून वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा ग्रह बुध निघतो. आणि हाच हिशोब मंगळासाठी, गुरूसाठी, अगदी नेपच्यूनसाठी केला तरी उत्तर बुधच येतं.

आणि ही अंतरं दगडावर कोरलेलीही नाहीत. सूर्य दर सेकंदाला 40 लाख टनांहून जास्त वस्तुमान प्रकाशाच्या रूपात घालवतो, वरून सौरवाऱ्यातून, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांतून जातं ते वेगळं, त्यामुळे त्याची पकड अगदी किंचित सैल होत जाते आणि पृथ्वी दर वर्षी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब सरकते. 2012 मध्ये ठरवलेला आकडा आहे तिथेच राहणार, पृथ्वी मात्र तेव्हापासून जवळपास वीतभर पुढे गेली असेल.